महाराष्ट्रातील श्रोत्याची घडण

हिंदुस्थानी संगीताचा जो इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बहुतांशी गवयांचा इतिहास आहे. कोणाची तालीम कोणाकडे झाली, कोणत्या दरबारी कोणाची नेमणूक होती आणि कोणत्या घराण्याने आपल्या चिजा कशा जपून ठेवल्या, या वृत्तांतांनी त्याची पाने भरलेली आहेत. परंतु ज्यांच्यासमोर हे गाणे झाले, ज्यांनी ते रात्र रात्र बसून ऐकले आणि वर्गणी गोळा करून पुन्हा पुन्हा घडवून आणले, त्या माणसांची नोंद त्यांत क्वचितच सापडते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर ही उणीव विशेष जाणवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेची ख्यालविद्या दक्षिणेकडे उतरून येथे स्थिरावली, ती केवळ संस्थानिकांच्या औदार्यामुळे नव्हे. कारकून, वकील, मामलेदार, शाळामास्तर, डॉक्टर अशा ज्या वर्गाच्या घरात गाण्याचा वारसा नव्हता, बालपणी ज्याच्या कानांवर कीर्तनातली पदे, काकड्याचे अभंग आणि जात्यावरच्या ओव्या यांपलीकडे फारसे काही पडलेले नव्हते, त्या वर्गाने प्रौढ वयात, जाणूनबुजून आणि परिश्रमाने ही गोडी संपादन केली, म्हणूनच ती विद्या येथे रुजली.

संस्थानांचे ऋण मात्र नाकारता येणार नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी या प्रांती आणली आणि मिरज-इचलकरंजीच्या आश्रयाने ती शिष्यांच्या हाती दिली. अल्लादिया खाँ १८९५ साली शाहूमहाराजांच्या पदरी कोल्हापुरास राहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला आपले घर मानले. परंतु दरबारी गायनाला जागा मर्यादित, निमंत्रणे मोजकी आणि बैठकीचा बेत सरकारस्वारीच्या मर्जीवर अवलंबून असे. पदरी गवई असलेल्या संस्थानातील सामान्य रयतेला तो गवई ऐकायला मिळेलच, अशी हमी नव्हती.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न शहरांतून सुरू झाला. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली, पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला आणि कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लबाची बैठक भरू लागली. सभासदत्व, वर्गणी, चिटणीस, वार्षिक हिशेब ही सारी सार्वजनिक सभांची रीत या संस्थांनी गाण्याला लावली आणि त्यामुळे एक मोठी गोष्ट साध्य झाली: आब सांभाळून राहणारा गृहस्थ उजळ माथ्याने गाणे ऐकावयास जाऊ लागला. या प्रतिष्ठेची किंमत कोणी मोजली हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्या नायकिणींनी आणि कलावंतिणींनी पिढ्यानुपिढ्या ही विद्या कंठात सांभाळली होती, त्यांच्यापासून गाणे वेगळे काढून ते शुद्ध केल्याचे समाधान या सुशिक्षित मंडळींनी मानले. श्रोत्यांच्या इतिहासातील हा अन्याय झाकून ठेवण्याजोगा नाही.

गायन उत्तेजक मंडळीत १८८४ साली एक तरुण सभासद दाखल झाला. त्याने वालकेश्वरच्या घरी लहानपणी गाण्याचे थोडे संस्कार घेतले होते, तो सतार वाजवीत असे आणि पुढे त्याने वकिलीची परीक्षाही दिली. परंतु पेशेवर गवयाच्या घराशी त्याचा काही संबंध नव्हता. विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव आज ग्रंथकार म्हणून घेतले जाते, पण त्यांच्या कार्याचा उगम श्रोत्याच्या अस्वस्थतेत आहे. मंडळीत येणारे गवई ते वर्षानुवर्षे ऐकत राहिले, रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी ध्रुपदे घेतली, आणि एकाच नावाचा राग दोन गवयांच्या मुखातून दोन तऱ्हांनी का उतरतो, हा प्रश्न ऐकता ऐकता त्यांच्या मनात ठाण मांडून बसला. पत्नी आणि एकुलती कन्या यांच्या मृत्यूनंतर त्यांनी वकिली सोडली, १९०४ साली दक्षिणेचा प्रवास केला, पुढे उत्तर व पूर्व हिंदुस्थान पालथा घातला आणि जे जमवले ते ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या नावाने चार भागांत, मराठीत, प्रसिद्ध केले. हा ग्रंथ त्यांनी गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. त्यातला शिष्य शंका काढतो, अडून बसतो, मागे सांगितलेले पुन्हा विचारतो. अर्थात वय वाढल्यावर या विद्येच्या दाराशी आलेल्या, विचार करण्याची सवय असलेल्या माणसाला ज्या अडचणी येतात त्या सर्व तेथे उभ्या केलेल्या आहेत. दहा थाटांच्या त्यांच्या व्यवस्थेवर पंडितांनी पुष्कळ आक्षेप घेतले आणि त्यांतील काही रास्तही आहेत. तथापि ऐकलेल्या स्वरसमूहाला नाव देता येणे, एका रागाचा वादी स्वर दुसऱ्याहून वेगळा कसा हे ताडून पाहता येणे, ही सोय सामान्य वाचकाला या वकिलाने करून दिली.

विष्णु दिगंबर पलुसकरांचा मार्ग निराळा होता. कुरुंदवाडच्या या मुलाची दृष्टी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली, मिरजेस बाळकृष्णबुवांकडे त्याची तालीम झाली आणि १८९६ साली मिरज सोडून तो राजाश्रयाऐवजी लोकाश्रयाच्या शोधात निघाला. तिकीट लावून जाहीर जलसे करावेत, ते ठरल्या वेळी सुरू व्हावेत, ऐकणाऱ्यांनी शिस्तीने बसावे, हा त्यांचा आग्रह होता. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली त्याची शाखा मुंबईस आणली. तानसेन निर्माण करणे आपल्या हाती नसले तरी कानसेन निर्माण करावेत, असा त्यांचा संकल्प सांगितला जातो; आणि त्यांच्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या असंख्य विद्यार्थ्यांपैकी जे गवई झाले नाहीत, तेच पुढे गावोगावच्या बैठकींचे आधारस्तंभ झाले, हे पाहता तो संकल्प सिद्धीस गेला असेच म्हटले पाहिजे.

याच काळातील एक चरित्र मला विशेष प्रिय आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरचे अधिकारी. ज्या माणसाचे आयुष्य फेरफार, जमाबंदी आणि तगाईच्या कागदांत गेले, त्याने बावीस श्रुतींचे गणित सोडवण्याचा ध्यास घ्यावा आणि त्यासाठी तारांची लांबी मोजीत बसावे, ही गोष्टच लक्षणीय आहे. अब्दुल करीम खाँनी गाऊन दाखवायचे आणि देवलांनी तो स्वर तारेवर पकडून त्याचे प्रमाण लिहून ठेवायचे, असा त्यांचा उद्योग चाले. त्यातून १९१० साली त्यांचे श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक निघाले. न्यायखात्यातील क्लेमेंट्स नावाच्या साहेबाची त्यांना साथ मिळाली आणि दोघांच्या प्रयत्नाने श्रुतींची एक स्वतंत्र बाजाची पेटीही तयार झाली. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास जी अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीत या पेटीवर वाद झडला आणि तिचा पक्ष टिकला नाही. देवलांची गणिते बरोबर की चूक, हा प्रश्न मी तज्ज्ञांवर सोपवतो. एका अव्वल कारकीर्दीतल्या मुलकी अंमलदाराला गवयाच्या गळ्यातला गांधार नेमका कोठे लागतो हे ठरवणे हे आपले कर्तव्य वाटले, यातच त्या पिढीच्या श्रवणाची प्रत कळून येते.

परंतु ग्रंथ वाचून किंवा तारा मोजून गाण्याकडे वळणारे थोडेच. बहुसंख्य मराठी माणसाला ख्यालाचा दरवाजा उघडून दिला तो नाटकाने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हाच्या पदांच्या चालींत कीर्तन, साकी-दिंडी आणि कर्नाटकी वळणे यांचा भरणा मोठा होता. पुढे १९११ साली ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि १९१६ साली ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, तेव्हा रंगभूमीवर थेट बैठकीतले गाणे आले. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही वाटांची विद्या संपादन केली होती. नाटककार खाडिलकरांच्या शब्दांना त्यांनी यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांतल्या चिजांचे साचे दिले, आणि बालगंधर्वांच्या मुखातून ते साचे कुलाब्यापासून नागपुरापर्यंत घरोघर जाऊन पोचले.

याचा परिणाम कसा झाला, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. नाटकाच्या थिएटरात चार आण्यांच्या जागेवर बसून यमनातले एक पद वन्समोअर घेऊन घेऊन ऐकलेला एखादा कारकून कचेरीतून घरी जाताना ते गुणगुणत असे. यमन हे नाव त्याला ठाऊक नसे, तीव्र मध्यम म्हणजे काय हेही त्याला सांगता आले नसते. मग केव्हातरी गणेशोत्सवात, गिरगावच्या ब्राह्मणसभेत किंवा लक्ष्मीबागेत, कोणी खाँसाहेब बसलेले, शब्द व्रजभाषेतले आणि कळायला कठीण, लय अतिशय संथ. हा गृहस्थ कंटाळून उठणार तोच एका क्षणी गवयाचा स्वर निषादावरून ऋषभाकडे अशा वळणाने जातो की ते वळण आपल्या ओळखीचे आहे, असे त्याला वाटते. तो पुन्हा खाली बसतो. मूळ चीज आता त्याच्यासमोर असते, आणि नाटकात जे पाचदहा मिनिटांत आटोपत असे त्याचा विस्तार तासभर कसा होतो, हे त्याला प्रथमच दिसू लागते. सर्व महाराष्ट्रात हजारो माणसांच्या बाबतीत हे घडले आहे. नाट्यसंगीताने अभिजात संगीत सवंग केले असा आरोप त्या काळच्या काही कर्मठ मंडळींनी केला. मला तो मुळीच मान्य नाही. नाट्यपदे नसती तर महाराष्ट्रातल्या ख्यालाला मोजक्या संस्थानिकांपलीकडे श्रोता मिळाला नसता.

ओळखीचा पहिला धागा सापडल्यावर खरे कष्ट सुरू होत, आणि ते आजही तसेच सुरू होतात. मीही या वाटेने तिशी उलटल्यावर आलेला माणूस आहे, म्हणून हे अधिकाराने सांगू शकतो. प्रौढपणी नवख्या श्रोत्याला सर्वांत अवघड जाते ती विलंबित लय. बारा मात्रांचा एकताल इतका संथ चाललेला असतो की एका मात्रेपासून दुसरीपर्यंत पोचताना मन भलतीकडे भटकून येते. मैफलीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला यावरचा तोडगा सांगितला. ते म्हणाले, “गवयाकडे पाहू नका, तबल्यातला ‘तिरकिट’ ऐका. एका आवर्तनात तो दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. दुसरा ‘तिरकिट’ वाजला की ‘धी ना’ आणि मग सम.” हे कळल्यावर प्रथम केवळ मोजणीच होत राहते, गाणे बाजूस पडते, पण हळूहळू मोजणी आपोआप होऊ लागते आणि लक्ष मोकळे होते. मग दिसते की गवई दुसऱ्या ‘तिरकिट’च्या सुमारास आलापाची घडी मोडून मुखड्याकडे वळतो आहे, कधी मुद्दाम उशीर करतो आहे, कधी अगदी अखेरच्या क्षणी शब्द गोळा करून समेवर नेऊन ठेवतो आहे, आणि सम येते तेव्हा सबंध सभागृहाच्या माना एकदम का हलतात हे आपल्या मानेलाच कळते. जुन्या बैठकीत ही शिकवणी शेजारच्याकडून, हाताच्या खुणेने आणि दादेच्या आवाजातून विनामूल्य मिळत असे. कोणत्या जागेला वाहवा आणि कोणत्या जागेला मौन, हे नवा श्रोता जुन्यांच्या सहवासात राहून शिकला. अशी एखादी शाळा कोणी स्थापन केलेली नव्हती. ती आपसूक चालत होती.

या शाळेत स्त्रियांना मात्र फार उशिरा प्रवेश मिळाला. गाणाऱ्या स्त्रिया होत्या, गोमंतकातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगुबाई कुर्डीकर यांनी अल्लादिया खाँची अवघड गायकी आत्मसात करून ती सर्वोच्च स्थानी नेली. परंतु कुटुंबातली स्त्री बैठकीत येऊन बसणे दुर्मीळ होते. हिराबाई बडोदेकरांनी सभागृहांतून तिकीट लावून जलसे केले, त्यांच्या सोज्ज्वळ वागण्याबोलण्याने व्यासपीठावरील गायिकेकडे पाहण्याची समाजाची नजर पालटली आणि त्याबरोबर श्रोतृवर्गातही स्त्रिया दिसू लागल्या. उरलेले काम तबकडीने आणि रेडिओने केले.

ग्रामोफोनची तबकडी १९०२ साली हिंदुस्थानात ध्वनिमुद्रित होऊ लागली. तीत सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे, म्हणून उस्तादांनी आरंभी तिचा तिरस्कार केला. पण पुनरावृत्तीची जी सोय श्रोत्याला पूर्वी कोणत्याही राजाने दिली नव्हती ती या यंत्राने दिली. अब्दुल करीम खाँचे निधन २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना झाले. त्यापूर्वीच्या थोड्या वर्षांत निघालेल्या त्यांच्या तबकड्या, विशेषतः झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या, ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिले नाही अशा लोकांनी सुई झिजेपर्यंत ऐकल्या. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. १९५२ साली शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्या वेळी नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण केसकर यांच्या चित्रपटगीतांवरील कठोर निर्बंधांबद्दल कोणाचे काहीही मत असो, शास्त्रीय संगीताला त्यांच्या कारकिर्दीत जेवढा वेळ मिळाला तेवढा पूर्वी मिळालेला नव्हता. रात्रीची भांडी आटोपून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या बाईच्या कानी मालकंस पडला, तो या यंत्रामुळे. बैठकीत ज्यांना जागा नव्हती त्यांच्यासाठी बैठकच घरात आली.

श्रोत्याच्या या परंपरेचे प्रौढ फळ म्हणून मी वामनराव देशपांडे यांचे नाव घेईन. व्यवसायाने ते हिशेबतपासनीस. त्यांनी सुरेशबाबू माने आणि मोगुबाई यांच्याकडे गाण्याचे शिक्षण घेतले, पण मैफलीचे गवई म्हणून नव्हे, तर समजून घेण्याच्या तळमळीने. १९६१ साली त्यांचे ‘घरंदाज गायकी’ प्रसिद्ध झाले. स्वर आणि लय ही दोन टोके मानून घराण्यांची मांडणी करावी, किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या बाजूस आणि जयपूर दोहोंचा तोल राखून मध्ये, अशी त्यांची उपपत्ती आहे. तिच्यावर वाद झाले आणि व्हावेत. परंतु घराणे म्हणजे कुळाचा अभिमान हा जुना समज जाऊन घराणे म्हणजे सौंदर्याकडे पाहण्याची एक रीत, हा विचार एका ऐकणाऱ्याने शब्दांत मांडला.

गायक सवाई गंधर्व १९५२ साली वारले आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्यांच्या शिष्यांनी, भीमसेन जोशींच्या पुढाकाराने, पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. लहानशा समारंभाचा पाहता पाहता महोत्सव झाला. थंडीच्या रात्री घोंगड्या, शाली, चहाचे थर्मास घेऊन मंडपात बसलेले हजारो लोक पाहिले म्हणजे गायन समाजाच्या मूठभर सभासदांपासून येथवर झालेली वाटचाल ध्यानात येई. ध्वनिक्षेपकांसंबंधीचे २००० सालचे नियम लागू झाल्यावर उघड्यावरील रात्रभराच्या बैठकी आटोपत्या घ्याव्या लागल्या. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मोठा आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्यामुळे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याची संधी नव्या श्रोत्याला जवळजवळ उरली नाही, ही हानी फार मोठी आहे आणि बंदिस्त सभागृहांतून ती भरून काढण्याचा प्रयत्न होणे अगत्याचे आहे.

आज ज्यांना चाळिशीत किंवा साठीत अचानक एखादा मारवा अस्वस्थ करून जातो आणि आता आपले वय झाले, हे शिकणार कधी, असे वाटते, त्यांनी एवढे जाणावे की या प्रांतातले उत्तमोत्तम श्रोते याच वयात आणि याच अज्ञानातून निघालेले होते. त्यांना साहाय्य झाले ते लहान लहान संगीतमंडळांचे. त्यांपैकी अनेक मंडळे आज सभासदांअभावी कशीबशी चाललेली आहेत. आपल्या गावात असे मंडळ असेल तर त्याचे वर्गणीदार व्हा, यंत्रावर ऐकता त्यात प्रत्यक्ष बैठकीची भर घाला. आणि कोणाच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या ट्रंकेत एखाद्या जुन्या संगीतमंडळाची इतिवृत्ताची वही, वर्गणीची यादी, कार्यक्रमपत्रिका किंवा कोणत्या रात्री कोण काय गायले याची टिपणवही पडलेली असेल, तर ती रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करा.